म्हसकर मॅडम आणि प्रज्ञाचा चेहरा

त्या सकाळी मी दुकान उघडायला आलो, तेव्हा बिंबाताई आधीच पायरीवर येऊन बसल्या होत्या. बिंबाताईंचं ब्यूटी पार्लर आमच्या औषधाच्या दुकानासमोर, गल्लीच्या पलीकडे आहे, आणि साडेदहाच्या आधी त्या कधी दिसत नाहीत. मला बघून त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम गेल्या रे विनोद. पहाटे, झोपेतच." मी कुलूप हातात धरून तसाच उभा राहिलो. माणूस अशा वेळी काय बोलतो ते त्याच्या हातात नसतं बहुतेक... मी म्हणालो, "पण अकराला त्यांचे दोन पेशंट आहेत. त्यांना कळवायला पाहिजे." बिंबाताई म्हणाल्या, "कळव. तूच कळव." आणि मग पदराने डोळे पुसत त्या रस्ता ओलांडून गेल्या. त्या दिवशी त्यांनी पार्लर उघडलं नाही.

त्याला आता सहा आठवडे होतील. डॉ. कुमुद म्हसकर म्हणजे आमच्या म्हसकर मॅडम. मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचा त्वचारोगाचा दवाखाना होता, आणि त्याच्या बरोबर खाली माझं दुकान. चौदा वर्षं त्या वर आणि मी खाली. त्यांचं नाव कुठे मोठ्या अक्षरांत छापून आलं नाही. दाराबाहेरची पाटीसुद्धा एवढीशी, की नवा पेशंट हमखास माझ्याकडे येऊन विचारायचा, "ते कातडीचे डॉक्टर कुठे बसतात?" पण माझ्या आयुष्यात त्यांचं जे स्थान आहे, ते कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटतं.

मी जिंतूरचा. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाल होते. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. फार्मसीची डिग्री घेऊन मुंबईला आलो, भांडुपला चाळीत एक खोली भाड्याने घेतली आणि या दुकानात फार्मासिस्ट म्हणून नोकरीला लागलो. पुढे मालक थकले आणि दुकान त्यांनी मलाच चालवायला दिलं. सुरुवातीच्या दिवसांत मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत असेल, तर 'नाही' म्हणायची. गिऱ्हाईक आलं आणि औषध नसलं, तर आपण कमी पडलो असं वाटायचं. त्यामुळे पहिल्याच महिन्यात एका बाईंना मॅडमनी लिहिलेलं मलम नव्हतं म्हणून मी त्याच्यासारखं दुसरं दिलं. तासाभराने एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई काउंटरपाशी येऊन उभी राहिली. अंगात डॉक्टरचा कोट, कोटाच्या खिशात भिंग. त्यांनी ट्यूब काउंटरवर ठेवली.

"हे मी लिहिलं होतं का?"

"नाही मॅडम. पण याच्यात कंटेंट जवळपास तोच..."

"जवळपास? मुलुंड आणि भांडुप पण जवळपास आहेत. मुलुंडला यायचं असलं तर तू भांडुपला उतरतोस का?"

मागे उभी असलेली दोन माणसं हसली. माझे कान तापले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे बघ, नसेल तर नाही म्हण. हो म्हणायला कुणीही चालतो. नाही म्हणायला शिकलेला माणूस लागतो, म्हणून तर तुझी डिग्री भिंतीवर टांगलीय." आणि जिना चढून गेल्या. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण 'शिकलेला माणूस' हे शब्द मला तोवर कुणी लावले नव्हते, हेही तितकंच खरं.

पुढे दुपारी गर्दी नसली की मी वर जायला लागलो. मॅडम खिडकीजवळ बसायच्या. पेशंट आत आला की आधी ट्यूबलाइट बंद करायच्या आणि त्याला खिडकीपाशी उभं करायच्या. त्वचा उजेडात बघायची, दिव्यात नाही, असं त्यांचं म्हणणं. नव्या पेशंटला म्हणूनच त्या संध्याकाळी कधी तपासत नसत. ऑफिसवाले कुरकुर करायचे, शेजारच्या डॉक्टरकडे जायचे, तरी नाहीच. आणि त्या हात लावायच्या. एखाद्याचं अंग इतकं चिघळलेलं असायचं की घरची माणसंही चार हात लांब बसायची, पण मॅडम आधी हात लावायच्या, मग प्रश्न विचारायच्या. एकदा एक रिक्षावाले काका खिडकीत उभे असताना मॅडमनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर ते रडायलाच लागले. मॅडम म्हणाल्या, "दुखतंय?" ते मान हलवून नाही म्हणाले. मॅडमनी पुढे काही विचारलं नाही, पण हातही काढला नाही.

त्यांची आणखी एक पद्धत होती. पेशंटने येताना आजवर लावलेली सगळी औषधं पिशवीत घालून आणायची. पिशवी त्या टेबलावर उलटी करायच्या. नायट्याचे पेशंट असले की त्या ढिगात तेच दिसायचं... अर्धवट पिळलेल्या त्याच त्या मिश्र क्रीमच्या ट्यूबा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या क्रीममध्ये बुरशीचं औषध असतं आणि त्याच्यासोबत स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो. बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते आणि कातडी पातळ होत जाते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकू नये, असं वेष्टनावर छापलेलं असतं. तरी गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं आणि दुकानदार देतो. मीही देत होतो. मॅडम ती ट्यूब चिमटीत धरायच्या आणि पेशंटला म्हणायच्या, "ही आग विझवत नाही, फक्त धूर झाकते. घरात आणखी कोण कोण खाजवतं? सगळ्यांना घेऊन ये." मी बाजूला बसून ऐकायचो, मान डोलवायचो, आणि खाली येऊन कुणी मागितली की तीच ट्यूब द्यायचो. मी नाही दिली तर पुढचा देईल, असं मनाला सांगायचो. मॅडमना ते माहीत नव्हतं का? मला वाटतं त्या माझ्यावर विश्वास टाकून होत्या, आणि म्हणूनच पुढचं सांगताना अजून जड जातं.

माझी धाकटी बहीण प्रज्ञा बी.एस्सी. होऊन माझ्याकडे भांडुपला राहायला आली. एका बालवाडीत तिला नोकरी मिळाली. स्थळं बघणं चालू झालं होतं. प्रज्ञा सावळी आहे, आमच्या आईसारखी. एका ठिकाणाहून निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण रंग जरा... निरोप आणणाऱ्या मावशींनी वाक्य तिथेच सोडलं. तिच्या गालावर त्याच वेळी मुरुमांचे चार डाग होते. मी दुकानातून एक ट्यूब घरी नेली. तेच स्टिरॉइड, थोडं वेगळं मिश्रण. म्हणालो, "रात्री लाव. डाग जातील, चेहरा पण उजळेल." मी फार्मासिस्ट होतो. आत काय आहे ते मला वाचता येत होतं. आणि तरी मी दिलं. दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःच्या बहिणीला.

पहिल्या महिन्यात चेहरा खरंच उजळला. चाळीतल्या बायका विचारायला लागल्या, काय लावतेस गं? मला अभिमान वाटला. मग ती आठ दिवस जिंतूरला गेली, ट्यूब इथेच राहिली, आणि परत आली ती चेहरा लाल होऊनच. मी परत लावायला सांगितलं. परत बरं वाटलं. असं दोन-तीनदा झालं. चौथ्या महिन्यात प्रज्ञाला उन्हात उभं राहवेना. गाल भाजल्यासारखे, त्यावर बारीक लव, आणि साधं पाणी लावलं तरी आग. बालवाडीतली पोरं विचारायची, "टीचर, तुम्हाला कुणी मारलं?" मग मात्र मी तिला घेऊन वर गेलो.

मॅडमनी तिला खिडकीपाशी नेलं, हनुवटीला धरून चेहरा इकडेतिकडे वळवून पाहिला. भिंग खिशातून काढलंच नाही. "काय लावलंस?"

प्रज्ञाने पिशवीतून ट्यूब काढून दिली. दुकानाचं लेबल मी आदल्या दिवशी नखाने खरवडून काढलं होतं.

"कुणी दिलं हे?"

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. फक्त एक क्षण. आणि म्हणाली, "पार्लरमधून घेतलं, मॅडम."

"कुठलं पार्लर?"

"ते... समोरचंच."

ती मला वाचवत होती. माझ्या वह्या डोक्यावर घेऊन शाळेत मागोमाग येणारी माझी बहीण, जळणारा चेहरा घेऊन मॅडमच्या नजरेतली माझी किंमत वाचवत होती. आणि मी गप्प बसलो. मॅडमनी केसपेपरवर लिहून घेतलं. मग त्या उठल्या, ट्यूब मुठीत घेतली आणि बाहेर सात-आठ पेशंट बसलेले असताना तरातरा जिना उतरायला लागल्या. मी मागे धावलो. आमच्या जिन्याला वीस पायऱ्या आहेत. वीस पायऱ्या मला वेळ होता. "मॅडम, ऐका ना, जाऊ दे ना," एवढंच मी म्हणत राहिलो. त्या म्हणाल्या, "का जाऊ दे? तुझी बहीण आहे ती!"

पार्लरमध्ये एका मुलीच्या भुवया चालू होत्या, दोघी बाकावर होत्या. बिंबाताईंशी मॅडमची तोवर ओळखसुद्धा नव्हती. मॅडमनी ट्यूब आरशासमोरच्या फळीवर आपटली. "लोकांच्या चेहऱ्याशी खेळता? हे विकायचा परवाना आहे तुमच्याकडे? एका मुलीचा चेहरा जाळलात तुम्ही!"

बिंबाताईंच्या दातात अजून दोरा होता. तो त्यांनी काढला. सुरुवातीला त्या मुंबईच्या मराठीत बोलल्या, "ओ मॅडम, आवाज खाली. कसली ट्यूब? माझी नाही ती." मॅडम म्हणाल्या, "पेशंट खोटं बोलतेय काय मग?" तेव्हा मात्र बिंबाताई थेट मालवणात पोहोचल्या. "माझ्या पार्लरात यून माकाच बोलतास? असली क्रीमां मी ठेवणय नाय! पोरगी खंय आसा ती, आणा तिका माझ्या समोर! पंधरा वर्सां झाली, कोणाच्या तोंडार डाग पडूक नाय माझ्या हातान!" खुर्चीतली मुलगी अर्ध्या भुवयांनिशीच निघून गेली, बाकावरच्या दोघी उठून दारात आल्या. त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाली, "चल गं, आपण दुसरीकडे करू." बिंबाताईंनी ते ऐकलं. त्यांच्या तोंडातला शब्द तिथेच थांबला. दोरा बोटाला गुंडाळत त्या रिकाम्या बाकाकडे बघत राहिल्या.

मी म्हणालो, "मॅडम, ट्यूब मी दिली."

दोघीही माझ्याकडे वळल्या. मी परत म्हणालो, कारण पहिल्यांदा आवाजच नीट फुटला नव्हता. "माझ्या दुकानातली आहे. लेबल मी काढलं. प्रज्ञा माझ्यासाठी खोटं बोलली. ताईंचा काही संबंध नाही."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं... त्यांनी विचारलं, "का दिलीस?"

"उजळेल म्हणून. स्थळं येत होती."

"ती सावळी होती. आजारी नव्हती. आजारी तू केलीस." बस, एवढंच. मग त्या बिंबाताईंकडे वळल्या, आणि आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बाईसमोर, गिऱ्हाइकांदेखत, त्यांनी हात जोडले. "माझं चुकलं. मी न विचारता बोलले. डॉक्टरने असं करू नये." बिंबाताईंचा राग काही उतरला नव्हता. त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक गेलं माझं. आता हात जोडून काय होतंय?" मॅडमनी दारातल्या त्या दोघींकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, कोट काढून खुंटीला अडकवला आणि खुर्चीत बसल्या. "केस कापा माझे. कसे कापायचे ते तुम्ही ठरवा." गल्लीतल्या सगळ्यांना माहीत असलेल्या डॉक्टरीणबाई पार्लरच्या खुर्चीत बसलेल्या बघून त्या दोघी परत बाकावर येऊन बसल्या. वरचे पेशंट अर्धा तास खोळंबले. बिंबाताई कात्री चालवता चालवता म्हणाल्या, "केसात कोंडा आहे तुमच्या. स्वतःच्या डोक्याकडे पण बघा जरा, डॉक्टर." मॅडम इतक्या हसल्या की कात्री थांबवावी लागली.

जाताना त्या मला म्हणाल्या, "उद्या दहाला प्रज्ञाला घेऊन ये. आणि तू बाहेर बसायचं नाहीस, आत बसायचं."

पुढचे महिने मी दर आठवड्याला आत बसलो. क्रीम बंद केल्यावर चेहरा आधी अजून बिघडतो. मॅडमनी ते सांगितलं होतं, तरी ते रोज डोळ्यांनी बघणं वेगळं. साधं मॉइश्चरायझर, काही गोळ्या, उन्हात ओढणी, आणि वाट बघणं. औषध किती लावायचं ते मॅडम चिठ्ठीवर मराठीत लिहायच्या, 'बोटाच्या पहिल्या पेराएवढं'. मधेच एका चांगल्या घरचे पाहुणे रविवारी बघायला येतो म्हणाले. शुक्रवारी प्रज्ञा दुकानात आली, काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "दादा, दोनच दिवस. एकच ट्यूब दे. सोमवारपासून परत बंद करते, आईची शपथ." ट्यूब माझ्या मागच्याच खणात होती. दोन दिवसांत चेहरा शांत झाला असता, मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. मी म्हणालो, "नाही."

"इतरांना देतोस की."

"आजपासून कुणालाच नाही."

ती रडत गेली. पाहुणे आले, लाल चेहरा बघून गेले, आणि त्यांचं उत्तर आलं नाही. प्रज्ञा पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. हे मी मॅडमना सांगितलं. प्रज्ञाला त्यांनी दुसऱ्या दिवशी एकटीला बोलावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. बाहेर आल्यावर प्रज्ञा म्हणाली, "चल दादा, भूक लागलीय." आम्ही कोपऱ्यावर वडापाव खाल्ला.

चेहरा पूर्ववत व्हायला वर्ष लागलं. पूर्ववत म्हणजे सावळा, आईसारखा. दोन वर्षांनी प्रज्ञाने तिच्याच शाळेतल्या एका शिक्षकाशी लग्न ठरवलं, स्वतःच. भांडुपच्या बुद्धविहारात लग्न झालं, तेव्हा मॅडम आणि बिंबाताई एकाच रिक्षातून आल्या. नवरीला बिंबाताईंनी तयार केलं होतं, पावडर कमीत कमी. मॅडमनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, डॉक्टर बघतात तसा, आणि म्हणाल्या, "झकास." त्यानंतर क्रीमने बिघडलेला एखादा चेहरा पार्लरमध्ये आला की बिंबाताई त्या मुलीला हाताला धरून वर नेऊन बसवायच्या. मी खालून नाही म्हणायचो, त्या समोरून पाठवायच्या, आणि मॅडम वर खिडकीपाशी बसून असायच्या. त्या जाईपर्यंत हे असंच चाललं.

परवा मॅडमची मुलगी सांताक्रूझहून दवाखाना आवरायला आली. कपाटात वर्षानुवर्षांचे केसपेपर, नीट लावलेले. ती म्हणाली, "ज्यांना तुम्ही ओळखता त्यांचे त्यांना देऊन टाका, बाकीचे मी बघते." प्रज्ञाचा कागद हातात आला, पण तो तिचा, म्हणून मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "वाच की. मी तुला सांगतेय, वाच."

मॅडमचं अक्षर मोठं, सुटं. पहिल्याच ओळीत होतं, क्रीम पार्लरमधून घेतले. त्यावर एकच सरळ रेघ, रेघेपाशी मॅडमची सही. डॉक्टर लिहिलेलं खोडून नाहीसं करत नाहीत, चुकलं तर असंच कापतात. खाली त्याच तारखेने, म्हणजे पार्लरमधून वर गेल्यावर लगेच, लिहिलेलं होतं: क्रीम भावाने दिले, माहिती भावाने स्वतः सांगितली. माहिती देणारा माणूस कितपत भरवशाचा आहे, हे डॉक्टर शेवटी एका शब्दात नोंदवतात. लेबल खरवडणारा, जिन्याच्या वीस पायऱ्या उतरूनही खरं न सांगितलेला मी... माझ्यापुढे त्यांनी त्याच दिवशी लिहिलं होतं, 'रिलायबल'.

"काय लिहिलंय रे दादा?" फोनवर प्रज्ञा विचारत होती.

मी वाचून दाखवलं.  ती म्हणाली, "बरोबरच आहे की."